कोबीला कोड लागेल, पण खर्च कोण भरणार?

माल कुठल्या शेतातला आहे हे पाकिटावरचा कोड स्कॅन करून कळलं पाहिजे, अशी मागणी आता वाढतेय. याला ट्रेसेबिलिटी म्हणतात, सोप्या मराठीत मालाचा माग. मी याच्या बाजूचाच आहे. पण फायदा कुणाला आणि खर्च कुणाच्या खिशातून, हे आपण शेतकऱ्यांच्या पोरापोरींनी आत्ताच विचारायला हवं.

आधी फायदा. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि सगळ्यांचाच माल संशयात आला. त्यानंतर अपेडानं 'ग्रेपनेट' उभं केलं. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, फवारणीची वही, बागेतल्या नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी, मग पॅकहाऊस. सगळी साखळी ऑनलाइन जोडलेली. पेटीत दोष निघाला तर बाग कळते. एकाच्या चुकीसाठी सगळ्यांच्या मालावर शिक्का बसत नाही. ही लहान गोष्ट नव्हे.

पण २०१० बघा. ग्रेपनेट चालू असतानाच क्लोरमेक्वाट क्लोराईड या संजीवकाचे अंश युरोपात सापडले. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. नोंदी असूनही माल अडकला, फटका बागायतदाराला बसला. म्हणजे माग लागणं वेगळं, माल निर्धोक असणं वेगळं. कोड फक्त पत्ता सांगतो. काय तपासायचं ते माणसांनीच ठरवायचं असतं.

आता आपल्याकडं या. बेळगावची भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते. अनेक शेतकऱ्यांचा कोबी मार्केटात एकत्र होतो, एकाच गाडीत भरला जातो. माग तिथंच तुटतो. तो टिकवायचा तर प्रत्येकाची पोती वेगळी, नंबर वेगळा, नोंद वेगळी. ही उस्तवार दहा एकरवाल्याला आणि वीस गुंठेवाल्याला जवळपास सारखीच. पण एकाचा खर्च शंभर पोत्यांवर वाटला जातो, दुसऱ्याचा पाच पोत्यांवर.

त्यात भाषेचा प्रश्न. ॲप कन्नड नाहीतर इंग्रजीत, आणि शेतकरी लिहिणार मराठीत. मग वही भरणार कोण? दलाल. माहिती त्याची, सही आपल्या बापाची. उद्या दोष निघाला की पत्ता आपल्या शेताचा!

२००६ चा अन्न सुरक्षा कायदा शेतकऱ्याला शेतावरच्या मालापुरता बाहेर ठेवतो. परवान्याचा १४ अंकी नंबर पुढच्या व्यावसायिकांना लागतो. माझं म्हणणं, भाजीचा माग आधी तिथूनच पक्का करा. व्यापाऱ्यानं कुणाकडून घेतलं आणि कुणाला दिलं, एवढी नोंद नीट झाली तरी अर्धं काम होईल.

शेतापर्यंत यायचंच असेल तर तीन गोष्टी हव्यात. लहान शेतकऱ्यांची गटानं नोंदणी. मराठीत भरता येईल असा अर्ज. आणि ज्या खरेदीदाराला कोड हवा, त्यानं त्याचे पैसे दरात वेगळे दाखवून द्यायचे.

ग्राहकाला खात्री मिळणार असेल तर त्याची किंमत एकट्या वीस गुंठेवाल्यानं का मोजायची? तुमच्या गावातला माल कुठल्या मार्केटला जातो आणि नोंद कोण ठेवतं, ते घरी विचारा. खाली लिहा.