नाव चषकावर, डाव कुठे?

पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९५५ साली एलुरूला झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. हे मासिक वाचणारे बहुतेक जण प्रशिक्षक, पंच किंवा आयोजक आहेत. सप्र्यांचा एखादा डाव आपल्यापैकी कितीजण पटावर मांडून दाखवू शकतील? स्मृतिचषकांची आपल्याकडे वाण नाही. फलकावर दिवंगत खेळाडूचे छायाचित्र असते, हार घातला जातो, पाहुण्यांची भाषणे होतात आणि पहिल्या फेरीचे पेअरिंग लागले की त्या माणसाचा विषय संपतो. आमचे म्हणणे असे, की ज्याच्या नावाने स्पर्धा भरते त्याचा खेळ तिथे दिसला पाहिजे आणि तिथे झालेला खेळ पुढच्यांसाठी उरला पाहिजे.

१९२१ ते १९२७ या काळात जगज्जेता असलेल्या कापाब्लांकाच्या स्मरणार्थ क्युबात १९६२ पासून स्पर्धा होते. १९६५ साली अमेरिकी सरकारने फिशरला हवानाला जाऊ दिले नाही, तेव्हा तो न्यूयॉर्कच्या मार्शल क्लबात बसून टेलिटाइपवरून चाली पाठवत खेळला. स्मिस्लोव्ह पहिला आला आणि फिशर संयुक्त दुसरा. हा किस्सा सांगून सोडून द्यावा लागत नाही, कारण ते डाव छापले गेले आणि आजही अभ्यासता येतात. रुबिन्स्टाइन तर जगज्जेता कधीच झाला नाही. तरी पोलंडमधील पोलानित्सा-झ्द्रुय येथे १९६३ पासून त्याची स्मृतिस्पर्धा भरते आणि हत्तींचे अंत्यडाव शिकवताना जगभरचे प्रशिक्षक त्याच्याच डावांकडे वळतात. विजेतेपद दरवर्षी दुसऱ्याकडे जाते. शिकवण्याजोगा डाव मात्र ज्याचा त्याच्याच नावावर राहतो.

आपल्याकडे घोडे अडते ते वेळेपाशी. तालुक्याच्या बहुतेक स्पर्धा एका दिवसाच्या, म्हणजे जलद असतात, आणि जलद प्रकारात चाली लिहिण्याचे बंधन खेळाडूवर नाही. माळशेजच्या वाटेवरच्या टोकावड्यात अशी स्पर्धा घ्यायची तर सरळगाव, वैशाखरे आणि आसपासच्या पाड्यांवरची मुले एसटीने येणार आणि परतीची गाडी चुकवून चालणार नाही. तिथे शास्त्रीय वेळेचा आग्रह धरणे व्यवहाराला धरून नाही, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण उपाय फार सोपा आहे. दर फेरीला पहिल्या पटाशेजारी एक लेखनिक बसवावा. जिल्हा परिषद शाळेतला, नोटेशन शिकलेला सातवीचा विद्यार्थी हे काम करू शकतो. कार्बन घातलेली स्कोअरशीट, एक पेन आणि एक जादा खुर्ची, एवढाच खर्च. सहा फेऱ्यांचे सहा डाव हाती येतात आणि त्या मुलाला दिवसभर चांगला खेळ जवळून पाहायला मिळतो.

दुसरा आक्षेप अनुभवी प्रशिक्षकांचा आहे: मुलांना रेटिंग आणि रोख बक्षीस हवे, आणि जुने डाव आजच्या इंजिनापुढे टिकत नाहीत. टिकत नसतील, पण चूक कुठे झाली हे समजणे हाच तर पाठ. इंजिन चांगली चाल दाखवते. पुस्तके दुर्मीळ असताना, संगणक नसताना एखाद्या खेळाडूने ती चाल का निवडली, हे सांगायला शिक्षकच लागतो. शिवाय आठवण केवळ चालींची नसते. रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स ऑयवे यांना द्यावा लागला. आज खुल्या गटात बसणाऱ्या प्रत्येक मुलीला हे ठाऊक असायला हवे.

नियमानुसार स्कोअरशीट ही आयोजकाची मालमत्ता असते. मालकी आहे तिथे सांभाळण्याची जबाबदारीही आली. म्हणून आयोजकांना आमची विनंती आहे: उद्घाटनाच्या भाषणांतली वीस मिनिटे काढून त्या खेळाडूचा एक डाव भिंतीवरच्या पटावर उलगडून दाखवा, डाव मिळत नसेल तर जुनी वृत्तपत्रे आणि जुन्या मंडळांची कपाटे धुंडाळा, आणि लेखनिकाने टिपलेले डाव पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकासोबत छापा. प्रायोजकाला चषकावर नाव हवे असते, ते खुशाल द्यावे. विजेत्याचे नाव राखायचे असेल, तर त्याचे डाव राखावे लागतील.