गाठ दिसू द्या

इथे मॅसॅच्युसेट्सला आमचं घर जुनं आहे. जमीन पाइनच्या रुंद फळ्यांची, आणि पाइन म्हटलं की गाठी आल्याच. त्यातल्या काही कधीच्या निखळून गेल्या होत्या आणि तिथे जुन्या रुपयाएवढी भोकं पडली होती. फळ्यांखाली थेट तळघर, त्यामुळे रात्री खालचा दिवा लावला की वर जमिनीत चांदण्या दिसायच्या. मुलांना मजा वाटायची, खरं सांगायचं तर मलाही. पण गेल्या वर्षी आई आली, तिच्या काठीचं टोक एका भोकात रुतलं आणि ती पडता पडता वाचली. मजा तिथेच संपली.

अशी भोकं बुजवायला सहसा लांबी भरतात. आपल्याकडचे सुतार फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून भरतात, तसंच. दारं-कपाटांना ते चालतं. पण इथे हिवाळ्यात हीटरने घरातली हवा कोरडी होऊन फळ्या आकसतात आणि उन्हाळ्यात दमटपणाने फुगतात. पायाखालच्या मोठ्या भोकातली लांबी त्यात तडकते. आधीच्या मालकांनी भरलेली अशीच सुटून आली होती. म्हणून मी रंग मिसळलेलं इपॉक्सी रेझिन वापरायचं ठरवलं.

आता प्रश्न रंगाचा. बायको म्हणे, फळीच्या रंगाशी जुळवू, भोक होतं हे कळणारच नाही. मी म्हणे, काळा. वाद दोन आठवडे चालला :) माझं मत अजूनही तेच आहे: जुळवायच्या भानगडीत पडू नये. नुकतीच घासलेली पाइन फिकट असते, पण उजेडाने काही वर्षांत मधाच्या रंगाची होते. रेझिनही पिवळं पडतं, पण आपल्या चालीने. आज बेमालूम जुळलेला रंग उद्या ठिगळासारखा दिसणार. शिवाय लाकडाला रेषा असतात, रेझिनला कुठून येणार? गाठ म्हणजे फांदीचं बूड. जिवंत फांदीची गाठ खोडाशी एकजीव होते. वाळलेल्या फांदीभोवती खोड नुसतंच वाढत जातं, ती धरत नाही आणि पुढे निखळते. अशा गाठीच्या जागी काळा ठिपका शोभतो, कारण तिथे मुळात काळपट ठिपकाच होता. (चमकीचा निळा-हिरवा रंग भरणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.)

कुणाला करायचं असेल तर अनुभवाचे चार बोल. सुटी साल खरवडून काढा, घट्ट गाठींना हात लावू नका. खालून चिकटपट्टी नीट दाबून लावा. माझं पहिल्या भोकातलं रेझिन तळघरात वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं. भोकाच्या आतल्या बाजूंना आधी पातळ हात द्या, नाहीतर लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर येते. खोल भोक एका दमात भरू नका, रेझिन घट्ट होताना तापतं. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला. जास्त घालून लवकर वाळत नाही, उलट चिकट राहतं. हातमोजे हवेतच. पूर्ण कडक झाल्यावर 80 आणि मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पातळीत आणा.

यंदा आई पुन्हा आली. जमीन तिला आवडली, पण काळ्या ठिपक्यांना ती वळसा घालून जायला लागली! कमी दिसणाऱ्या डोळ्यांना काळा ठिपका म्हणजे भोकच. दोन आठवड्यांच्या वादात हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. हाताने चाचपून दाखवलं, तरी ती आधी काठीने ठोकायची आणि टक् असं वाजलं की मगच पाऊल टाकायची. तिच्या खोलीतलं काम बाकी होतं, तिथे मी गडद तपकिरी रंग भरला. तो काळ्याइतका खोल वाटत नाही. त्यावरून ती सरळ चालते.

तेव्हा घरात वयस्कर माणूस असेल तर काळ्याऐवजी तपकिरी. पण जुळवू नका म्हणजे नकाच. बायकोला अजून पटलेलं नाही. असो.