जॅक, चिरा आणि एक्सल

परवा डोंबिवलीहून चुलतभावाचा फोन. गाडी वळवताना पुढच्या डाव्या चाकातून कटकट असा आवाज येतो म्हणे. "चार व्हिडिओ बघितलेत रे. एक्सल काढून नवीन बसवणं काही कठीण नाही. गणपतीला गावी येतोच आहे, आपल्या खळ्यातच उरकू. जॅक गाडीत आहे, आणि चिरे तर घरामागे पडलेलेच असतात."

चिरे म्हटल्यावर मी गप्पच झालो. त्याला वाटलं रेंज गेली.

तर मंडळी, हे लिखाण मुळात त्याच्यासाठी. पण आपल्या घराण्यात पाना हातात घेणारे आणखी तीन-चार वीर आहेत, त्यांनीही वाचावं. :)

आधी त्या आवाजाबद्दल. अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटमध्ये इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जायचा, पुढची चाकं नुसती वळायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. आता तेच चाक वळणार, खड्ड्यात वर-खाली होणार आणि वर गाडीही ओढणार. म्हणजे एक्सल फिरता फिरता वाकायला हवा, पण फिरण्यात हिसका नको. हे काम चाकाकडच्या टोकाचा सीव्ही जॉइंट करतो. वाटीत बसवलेल्या पोलादी गोळ्या, भोवती काळं ग्रीस, त्यावर रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं आणि आमच्या तारकर्ली-देवबागकडे त्याच्या जागी आत जाते रेव आणि खारं पाणी. कटकट सुरू झाली म्हणजे गोळ्यांच्या वाटा झिजल्या, मग नवीन ग्रीस भरून उपयोग नसतो. तेव्हा भावाचं निदान बरोबर आहे. माझं भांडण त्याच्या चिऱ्यांशी आहे.

२००९ सालची गोष्ट. गणपती दोन दिवसांवर आलेले आणि आमच्या जुन्या मारुतीला हाच आजार. मेस्त्री घरी आले. दुसऱ्या दिवशी मुंबईची माणसं कुडाळ स्टेशनला उतरणार, त्यांना आणायला गाडी हवी, म्हणून मी सकाळपासून त्यांच्या डोक्यावर उभा. त्यांचे स्टँड दुसऱ्या एका गाडीखाली अडकलेले. मीच म्हटलं, चिरे लावू. मीच दोन आणले आणि एकावर एक रचले. मेस्त्रींना ते पटलेलं नव्हतं, पण बोलले नाहीत. फक्त काढलेलं चाक त्यांनी दाराच्या खालच्या पट्टीखाली आडवं सरकवलं. मला तो वेळेचा अपव्यय वाटला, आणि तसं बोलूनही दाखवलं.

"तुमका घाई आसा, माका घरात पोरां आसत," एवढंच म्हणाले.

गिअरबॉक्सकडचं टोक काही सुटेना. त्यांनी टॉमी घालून हिसका दिला, गाडी हलली आणि वरचा चिरा मधोमध फुटला. जॅक कलंडला. गाडी खाली आली ती त्या चाकावर. रिम वाकली. मेस्त्रींचा खांदा चाकापासून वीतभर आत होता. ते सरपटत बाहेर आले, हात धुतले आणि अर्धा तास पायरीवर बसून राहिले. मी पाणी दिलं तेव्हा तांब्या माझ्याच हातात हलत होता. त्या दिवशी काम पुरं झालं नाही. मुंबईकर रिक्षाने आले. कोणाचं काहीही अडलं नाही, गणपतीही वेळेवर बसले.

जांभ्याला मी दोष देत नाही. खाणीतून निघताना तो कापता येतो, वाऱ्याउन्हात कडक होतो, आमची घरं पिढ्यान् पिढ्या त्यावर उभी आहेत. पण भिंतीत भार सगळ्या चिऱ्यावर पसरतो. गाडीच्या खाली तो एवढ्याशा लोखंडी कडेवर येतो, आणि हा दगड आतून भोकाभोकांचा. कधी फुटेल ते तो आधी सांगत नाही. गाडीतला जॅक तर फक्त चाक बदलण्यापुरता. पावसाळ्यात खळ्याच्या मातीत तो हळूहळू रुततो, आपल्या नजरेला कळतही नाही.

तर बाबा रे, करायचंच असेल तर असं कर. सपाट, कोरडी, टणक जागा. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, हँडब्रेक ओढलेला. एक्सलचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच, कोणाला तरी ब्रेक दाबायला बसवून सैल कर. त्याची ठोकलेली कड आधी उचलायला विसरू नकोस. वर उचललेल्या गाडीवर मीटरभर दांडा लावून जोर मारायचा नसतो. मग जॅक, मग लोखंडी स्टँड, आणि काढलेलं चाक पट्टीखाली. गाडी हाताने हलवून बघ, मगच आत हात घाल. गिअर ऑइल आधी काढ, नाहीतर खळाभर होईल आणि काकी काय म्हणेल ते तुला माहीत आहे. शाफ्टला धरून ओढायचं नाही, आतला जॉइंट सुटून हातात येतो. जोर द्यायचा तो गिअरबॉक्सजवळ, सील जपून. ब्रेकचा कॅलिपर काढावा लागला तर तो पाइपवर लोंबकळत ठेवू नकोस, तारेने बांध.

बसवताना आतलं टोक खट्कन बसलं पाहिजे, मग हलकेच ओढून खात्री कर. नट नवाच घे. तो आवळल्याशिवाय चाकावर गाडीचा भार द्यायचा नाही, बेअरिंग खराब होतं. शेवटचा आवळा गाडी खाली आल्यावर टॉर्क पान्याने, तुझ्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतका. लहान गाड्यांत तो साधारण दीडशे ते अडीचशे न्यूटन मीटर असतो, म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला पंधरा ते पंचवीस किलो. अंदाजाने नको. मग नटाची कड खाचेत ठोकायची आणि ऑइल पुन्हा भरायचं.

"एवढी कटकट असेल तर गॅरेजला देतो" असं तू म्हणशील. दे की! पण गॅरेजातही कोणीतरी गाडीखाली आडवा होतोच, आणि त्याच्या डोक्यावर "झालं का, झालं का" करत आपणच उभे असतो. चाकरमान्यांना पाच दिवसांत सगळं हवं असतं, आणि आम्ही गाववाले त्यांच्यासाठी मेस्त्रीच्या मागे लागतो. मेस्त्रीने चिरा लावला तर आपण त्याला अडाणी म्हणतो. त्या दिवशी आमच्या खळ्यात चिरा मेस्त्रीने लावला नव्हता.

दोन स्टँड मी तेव्हाच घेतले, पडवीत आहेत, दर पावसाळ्याआधी तेल लावून ठेवतो. टॉर्क पाना मेस्त्रींकडून आणून ठेवीन, ते नाही म्हणणार नाहीत. तू येताना तुझ्या गाडीचा नवा नट, गिअर ऑइल आणि आतल्या टोकाची सर्कलिप घेऊन ये, इथे मिळेलच असं नाही. आणि कसालहून मालवणकडे वळताना चाक फार आवाज करायला लागलं तर गाडी तिथेच कोणाच्या तरी अंगणात लाव आणि मला फोन कर.