जन्मरत्नांच्या याद्या आणि पाठभेदाचे सोंग

जन्मरत्नांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. आमची तक्रार निराळी आहे. या न जुळण्याचे जे समर्थन केले जाते, आणि तेही साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांकडून, त्याविरुद्ध आम्हाला लिहायचे आहे. समर्थन असे: परंपरा म्हटली की पाठभेद आलेच, ज्ञानेश्वरीचे पाठभेद तुम्ही आदराने शिकवता, मग रत्नांच्या याद्यांतील भेदांना का हसता? युक्तिवाद चतुर आहे. प्राध्यापक-कक्षात चहाबरोबर तो खपूनही जातो. पण तो खपू देणे म्हणजे आपल्याच विद्याशाखेतील एका कष्टसाध्य संज्ञेची वाट लावणे होय.

पाठभेद म्हणजे काय, हे आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणने मराठीला शिकवले. शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेव्हा त्यांच्यासमोर नकलांत शिरलेले अपपाठ होते. म्हणजेच एक मूळ संहिता होती आणि तिच्यापासून दुरावलेल्या प्रती होत्या. मूळ, प्रत, लेखनिक आणि काळ या चार गोष्टींवाचून पाठभेद संभवत नाही. जन्मरत्नांच्या यादीला हीच कसोटी लावून पाहू.

बारा रत्नांच्या कल्पनेचे एक टोक खरोखरच प्राचीन आहे. बायबलच्या 'निर्गम' या ग्रंथात मुख्य याजक अहरोन याच्या ऊरपटावर बारा रत्ने सांगितली आहेत. ती इस्राएलच्या बारा वंशांची. महिन्यांशी त्यांचा संबंध तेथे नाही. तो जोडला पहिल्या शतकातील इतिहासकार जोसीफस याने, आणि त्याच्या दोन ग्रंथांत त्या रत्नांचा क्रमही एकसारखा नाही. हिब्रू शब्दांचे अर्थ पुसट झालेले, ग्रीक भाषांतरकारांनी आपल्या परीने लावलेले. प्राचीनांचे 'सफायर' हे आजचे नीलम नसून बहुधा लाजवर्द होते, असे अभ्यासक मानतात. येथवर पाठचिकित्सेला भरपूर काम आहे आणि या भेदांचा आम्हीही आदर करू.

मात्र आपल्या पुरवण्यांत आणि सराफांच्या पत्रकांत जी यादी छापली जाते, तिचा वंश या ऊरपटापर्यंत पोहोचत नाही. तिचा जन्म 1912 सालचा, अमेरिकेतील कॅन्सस शहराचा. जन्मदाती तेथील किरकोळ जवाहिऱ्यांची राष्ट्रीय संघटना. जन्ममहिन्यानुसार एकेक रत्न वापरण्याची चाल याआधीही युरोपात होती. रत्नतज्ज्ञ जॉर्ज कुंझ याने 1913 च्या आपल्या ग्रंथात तिचे मूळ अठराव्या शतकातील पोलंडमध्ये दाखवले आहे. संघटनेने त्या चालीची विक्रीयोग्य यादी केली. 1937 मध्ये ब्रिटनच्या सुवर्णकारांनी आपली यादी काढली. 1952 मध्ये अमेरिकेत फेरफार झाले: जूनला अलेक्झांड्राइट, नोव्हेंबरला सिट्रीन, आणि डिसेंबरातून लाजवर्द काढून तेथे झिरकॉन. 2002 मध्ये डिसेंबरलाच टांझानाइट जोडले गेले. हा खडा टांझानियात सापडला 1967 साली! 2016 मध्ये ऑगस्टच्या वाट्याला स्पिनेल आले.

म्हणजे येथे मूळ संहिता नाही, लेखनिकाचा प्रमाद नाही. आहेत ते व्यापारी संघटनांचे निर्णय. व्यापाऱ्यांनी व्यापार करावा, त्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती 'पूर्वापार मान्यतेनुसार' या शब्दांना. 1967 साली सापडलेल्या खड्याची पूर्वापार मान्यता छापणाऱ्या संपादकाला आपण अडवत नाही, आणि एम.ए.च्या विद्यार्थ्याने शकाचा आकडा चुकवला की त्याचे गुण कापतो.

'ते पाश्चात्त्यांचे झाले. आपले नवरत्नांचे शास्त्र वेगळे आणि स्थिर आहे,' असा पुढचा बचाव असतो. वेगळे आहे, हे खरे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत आणि त्यांत बावीस रत्नांची नावे येतात. तेथे शुभ रत्न राजाला लाभदायक आणि सदोष रत्न घातक, असा विचार आहे. रत्नाचे गुणदोष आणि मोल हाच मुख्य विषय आहे. नऊ ग्रहांना नऊ रत्ने वाटून देणारा कोठा पुढे 'जातकपारिजाता'सारख्या नंतरच्या ग्रंथांत ठसठशीत दिसतो. त्याचेही गणित महिन्यांशी जुळत नाही. राहू आणि केतू यांना रूढ पद्धतीत स्वतःची रास नसल्यामुळे गोमेद आणि लसण्या बाजूला राहतात, आणि बारा राशींना उरतात सात रत्ने. बारा महिन्यांना बारा रत्ने या हिशेबातून निघतच नाहीत.

तरीही दोन्ही याद्यांची खिचडी करून ती मराठीत वाढली जाते. 10 सप्टेंबरला जन्मलेल्या एखाद्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. अमेरिकी यादीप्रमाणे तिचे रत्न नीलम. इंग्रजी पद्धतीच्या साप्ताहिक भविष्याप्रमाणे तिची रास कन्या, स्वामी बुध, म्हणून पाचू. आपल्या पंचांगाप्रमाणे त्या दिवशी सूर्य अजून सिंहेत असतो (पाश्चात्त्यांचा सूर्य डिसेंबरातच मकरेत जातो आणि आपली मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते, हे तर तिळगूळ खाणाऱ्या प्रत्येकाला कळावे), म्हणून माणिक. आणि घरची रीत पाहिली तर जन्मरास चंद्रावरून ठरते. ते रत्न चौथेच असू शकेल. यांतील माणिक रवीचे, नीलम शनीचे. रवी आणि शनी हे शत्रू, ही दोन रत्ने एकत्र घालू नयेत, असे त्याच शास्त्राचे जाणकार सांगतात. परदेशी पत्रकात वाढदिवसाची हौसेची भेट असलेले नीलम आपल्याकडे उशाखाली ठेवून, स्वप्ने कशी पडतात ते पाहून मगच बोटात घातले जाते. ही एकाच मताची दोन रूपे नव्हेत. पण पुरवणीच्या एकाच चौकटीत दोन्ही शेजारी-शेजारी सुखाने नांदतात.

आता शब्दांकडे येऊ. कारण खरी हानी तेथे आहे आणि तिला आम्ही मराठीचे लोक अधिक जबाबदार आहोत. नोव्हेंबरचे रत्न 'टोपाझ'. कोशात पाहून भाषांतरकार लिहितो 'पुष्कराज'. सराफ्यात मात्र पुष्कराज म्हणजे पिवळे सफायर, म्हणजेच नीलम आणि माणिक ज्या कुरुविंद खनिजाचे, त्याचाच पिवळा भाऊ. टोपाझ हे निराळेच खनिज आणि पुष्कळच स्वस्त. एक शब्द, दोन खडे, आणि दोहोंच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर. पत्रक वाचून दुकानात गेलेल्या माणसापुढे महाग पुष्कराज येतो; परवडत नसेल तर उपरत्न म्हणून 'सुनेला' दाखवला जातो. सुनेला म्हणजे सिट्रीन, 1952 साली नोव्हेंबरात बसवलेला तोच! नेट-सेटच्या परीक्षेला बसणारी मुले गुरुबळासाठी पुष्कराज घालून वर्गात येतात. परीक्षेच्या शुल्काच्या कितीतरी पट रक्कम त्या तर्जनीवर असते आणि ती कधी शेती करणाऱ्या बापाने उसनवारीने आणलेली असते. ज्या शब्दावर हा खर्च झाला, त्याचा अर्थ निश्चित करण्याचे काम कोणाचे होते?

वैडूर्याची कथा आणखी बोलकी आहे. पाणिनीने हा शब्द 'विदूर' या स्थाननामावरून साधला. पतंजलीने शंका काढली की हा मणी निघतो वालवाय येथे, विदूरात त्याच्यावर केवळ संस्कार होतो. प्राकृतात 'वेळुरिय' झालेला हाच शब्द ग्रीकांकडे 'बेरिलॉस' होऊन गेला आणि इंग्रजीत 'बेरिल' झाला. मार्च महिन्याचे अॅक्वामरिन हे बेरिलच, मे महिन्याचा पाचूही बेरिलच. इकडे आपण वैडूर्य हे नाव लसण्याला देऊन मोकळे झालो. ओपलचेही तसेच. 'उपल' या संस्कृत शब्दापासून ते नाव निघाले असे व्युत्पत्तिकार मानतात, आणि आपली जाहिरात 'ओपल' हे परदेशी नवल म्हणून शुक्राच्या नावावर विकते. शब्दांच्या या प्रवासावर पदव्युत्तर वर्गात चार तासिका सहज रंगतील. 2001 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम पुढे आणले, तेव्हा वाद मुख्यतः वैज्ञानिक विरुद्ध ज्योतिषी असा रंगला. कुंडली खरी की खोटी, हा त्यांचा प्रश्न होता. कोणता शब्द कोणत्या काळी कोणत्या वस्तूचा, हा आमचा प्रश्न आहे आणि त्याला दुर्बीण लागत नाही.

1912 च्या यादीत ऑगस्टच्या नावावर पेरिडॉटच्या जोडीने सार्डोनिक्स होते: तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांचा सुलेमानी. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात नोंद आहे की, पैठणहून सुलेमानी जातीचे दगड विपुल प्रमाणात गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जात. पैठण तेथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. रोमन कारागीर अशाच भारतीय दगडांतून कोरीव मुद्रा काढत. डिसेंबरातून काढून टाकलेले लाजवर्द तर बदख्शानहून येऊन अजिंठ्याच्या भिंतींवर निळाई होऊन बसले आहे. मराठवाड्यातील मुलांना रत्नांची परंपरा दाखवायचीच असेल, तर ती पैठण आणि तेर येथील शासकीय वस्तुसंग्रहालयांतल्या मण्यांत दाखवता येते.

दिवाळी अंकांच्या संपादकांकडे आमची मागणी एवढीच आहे: जन्मरत्नांचा तक्ता छापायचाच असेल तर त्याच्याखाली ती यादी कोणी केली, कोणत्या साली केली आणि मराठी नाव कोणत्या खनिजासाठी योजले आहे, या तीन गोष्टी छापाव्यात. मुद्रितशोधनासाठी माणूस कमी पडत असेल तर मराठी विभागांतून आम्ही विद्यार्थी देऊ, मानधन न घेता.