भांडवल कुठे थांबते? केनिया व टांझानियाचा हिशेब

खासगी धंद्याला मोकळीक दिली की पैसा आपोआप येतो, असे आपल्या पेठेतले काही लोक म्हणतात. सरकारने गिरण्या चालविल्या तरच कारागीर जगतो, असे दुसरे म्हणतात. आम्ही कापडाचे व्यापारी. केनिया आणि टांझानिया या दोन शेजारी देशांचा हिशेब पाहिला, तर आम्हास दोन्ही मते अपुरी वाटतात.

केनियाने 1964 साली परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देणारा कायदा केला. टांझानियाने 1967 च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर बँका व मोठे उद्योग सरकारजमा केले. 1971 मध्ये भाड्याच्या मोठ्या इमारतीही ताब्यात घेतल्या. त्यात भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांचे फार नुकसान झाले आणि अनेक घराणी देश सोडून गेली. केनियाचे हातही स्वच्छ नव्हते. तेथील 1967 च्या परवाना कायद्याने नागरिकत्व न घेतलेल्या भारतीय दुकानदारांची कोंडी केली. तरी पुढील वीस वर्षे खासगी भांडवलाचा ओढा नैरोबीकडेच राहिला.

1985 साली न्येरेरे पायउतार झाले व अली हसन म्विनी राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी आयात खुली केली, तेव्हा लोक त्यांना 'म्झे रुख्सा' म्हणू लागले. हा रुख्सा आपल्या ओळखीचाच, अरबीतून स्वाहिलीत गेलेला: इजाजत देणारे बुजुर्ग! 1997 मध्ये गुंतवणूक केंद्र आणि 1998 मध्ये नवा खाण कायदा आला. सोन्याच्या खाणींत परदेशी पैसा उतरला. त्याच दशकात केनियात गोल्डनबर्ग घोटाळा झाला, 1991 मध्ये देणगीदार देशांनी मदत रोखली, आणि परदेशी गुंतवणुकीत टांझानिया पुढे निघून गेला.

पण मोकळीक आली तशी 'मितुंबा'ही आली, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील जुन्या कपड्यांच्या गाठी. केनियात किसुमूची किकोमी आणि एल्डोरेटची रिव्हाटेक्स बंद पडली. चीनच्या मदतीने उभी राहिलेली दार-ए-सलामची सरकारी उराफिकी गिरणीही खंगली. मालक कोण, हे मितुंबाने विचारले नाही. टिकले ते ठरलेले गिऱ्हाईक असणारे. अरुशाच्या एका खासगी कारखान्याने जपानी तंत्र घेऊन 2003 पासून मच्छरदाण्या विणल्या. केनियातील तयार कपड्यांना अमेरिकेच्या 2000 च्या करमाफी कायद्याने बाजार मिळाला.

इजाजत मिळते तशी परतही घेतली जाते. 2017 मध्ये टांझानियाने खाणीचे कायदे एकाएकी बदलले आणि मोठ्या कंपनीशी तंटा झाला. तो मिटण्यास 2020 उजाडले. केनियात 2007 च्या निवडणुकीनंतर रक्तपात झाला, तर 2024 मध्ये करवाढीविरुद्ध तरुण रस्त्यावर आले आणि सरकारला विधेयक मागे घ्यावे लागले.

यावरून आमचे मत असे की, भांडवल सवलतीमुळे येते, पण थांबते ते भरवशामुळे. भिवंडी-मालेगावचा यंत्रमागवालाही हेच सांगेल. वर्षभराच्या सूट-सवलतीपेक्षा पाच वर्षे न बदलणारा विजेचा दर त्याला अधिक मोलाचा. म्हणून आफ्रिकेत माल किंवा पैसा गुंतवू इच्छिणाऱ्या बांधवांनी नुसत्या माहितीपत्रकावर जाऊ नये. मागील दहा वर्षांत तेथील जकात किती वेळा बदलली आणि कमावलेला पैसा बाहेर नेता येतो काय, हे आधी तपासावे, मग सौदा करावा.