गच्चीची किल्ली कुणाकडे?

'एक काहीतरी धर. दोन दगडांवर पाय ठेवलास तर पडशील.' ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कितीतरी घरांत दहावीच्या सुमारास हे वाक्य ऐकू येतं. मग तबल्यावर खोळ चढते, गिटार कपाटावर जाते आणि क्लासचं वेळापत्रक फ्रिजवर लागतं. म्हणून आज दोन दगडांवर उभं राहून दाखवलेल्या दोघांची गोष्ट.

पहिला अमेरिकेतला ॲरन टिपिन. साउथ कॅरोलायना राज्यात शेतावर वाढलेला हा मुलगा तरुणपणी विमान चालवायचा आणि रात्री छोट्या बारमध्ये गायचा. मोठ्या विमान कंपनीत वैमानिक व्हायचं त्याच्या मनात होतं. पण त्या धंद्याचे दिवस फिरले आणि ती वाट अडली. तेव्हा त्याच्या हाताशी गाणं होतं. काही काळ त्यानं रात्री कारखान्यात पाळी केली आणि दिवसा नॅशव्हिलला जाऊन गाणी लिहिली. 1990 मध्ये त्याचं पहिलं गाणं गाजलं. पुढे नाव झालं, तरी विमान काही सुटलं नाही.

दुसरा आपल्या जवळचा. कॅप्टन अमोल यादव मूळचे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. जेट एअरवेजमध्ये वैमानिकाची नोकरी करता करता त्यांनी स्वतःचं विमान बांधायला घेतलं. कुठे? कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर! आधीचे प्रयत्न तडीस गेले नव्हते, तरी सहा आसनी विमान उभं राहिलं. फेब्रुवारी 2016 मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं. नोंदणी झाली 2017 मध्ये, उड्डाणाचा परवाना आला 2019 मध्ये आणि चाचणी उड्डाण झालं 2020 मध्ये, धुळ्यात. म्हणजे विमान लोकांना दाखवल्यापासून ते उडेपर्यंत चार वर्षं गेली.

या गोष्टी वाचून आपण 'काय जिद्द आहे!' म्हणतो आणि पान उलटतो. पण जिद्दीच्या खाली आणखी एक गोष्ट आहे. टिपिनकडे शेत होतं, मोकळं आणि आवाजाची तक्रार न करणारं. यादवांकडे गच्ची होती आणि ती वापरू देणारी माणसं होती. डोंबिवलीतल्या वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या मुलीकडे काय आहे? हार्मोनियम काढली की आतल्या खोलीत भावाचा अभ्यास, शेजारी तान्हं बाळ, खालच्या मजल्यावर आजारी आजोबा. तक्रार करणारे चुकीचे नसतात, आणि तीही चुकीची नसते. जागाच नाही, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या आसपासच्या आगरी गावांत बघा. भजनी मंडळाला देवळाचा मंडप असतो, बेंजो पार्टीला कुणाचं तरी अंगण मिळतं. शहर वाढलं तशी अंगणं गेली, त्यांच्या जागी पार्किंग आलं. गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले कलामंदिर ही आपल्या अभिमानाची ठिकाणं. पण तिथे तयार झालेला कलाकार जातो. तयार व्हायचं कुठे? कल्याण गायन समाजासारख्या जुन्या संस्थेनं पिढ्या घडवल्या, पण एकेका संस्थेच्या खोल्यांत तीन शहरांची पोरं कशी मावणार?

डोक्यावर गच्ची असते, तिला कुलूप असतं. कुलपामागे कारणं आहेत: पडण्याची भीती, वॉटरप्रूफिंग, रात्रीच्या पार्ट्या. मान्य. पण रोज संध्याकाळी सहा ते आठ, सोसायटीतल्या एका मोठ्या माणसाच्या जबाबदारीवर, लाऊडस्पीकरशिवाय, परीक्षांचे दिवस वगळून, एवढ्या अटींवर किल्ली द्यायला काय हरकत आहे? पालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. त्यांतले दोन-तीन प्रत्येक प्रभागात सरावासाठी उघडले, तर नवी इमारत बांधायचीही गरज नाही.

मंडळी, हे मागायचं काम आपलंच आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेला आपण जात नाही. तिथे गळती आणि मेंटेनन्सवर बोलून सगळे घरी जातात. यंदा आईबाबांच्या सहीनं एक अर्ज द्या, विषयपत्रिकेत एक ओळ वाढवायला सांगा. पहिल्या वर्षी नाही म्हणतील. दुसऱ्या वर्षी पुन्हा द्या. यादवांच्या तयार विमानालाही चार वर्षं थांबावं लागलं होतं.

आणि पालकहो, दोन दगडांवर पाय ठेवला म्हणून पोरं पडत नाहीत. एकच दगड असला आणि तोच निसटला, तर मात्र पडतात. टिपिनचा पहिला दगड निसटला, तेव्हा दुसऱ्यानं त्याला तोललं. कपाटावरची ती गिटार खाली काढू द्या.