तंबू नंतर घ्या, आधी शनिवार मोजा

आपल्या कवठे महांकाळची बरीच पोरं सध्या विचारतात, "सर, चांदोलीकडं वारणेकाठी कॅम्पिंग टाकू का?" माझं मत आहे, टाका. पण आधी शनिवार मोजा.

पावसाळ्याचे 4 महिने सोडले तर वर्षात उरतात साधारण 35 शनिवार. जागेचं भाडं 12 महिन्यांचं, खरी कमाई मात्र त्या 35 रात्रींची. म्हणून जागा विकत घेऊ नका, तिथल्याच शेतकऱ्याला भागीदार करा. तंबू सुरुवातीला भाड्यानं आणा. गिऱ्हाईक फोटो बघून एकदा येतं; गरम भाकरी-झुणका आणि स्वच्छ संडास मिळाला तरच परत येतं.

दुसरं, चांदोली 2004 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. त्यामुळं कॅम्प जंगलाबाहेर, गावच्या शेतात आणि परवानग्या घेऊनच. तंबू अगदी काठाला लावू नका. वर धरण आहे, पाणी सोडलं की नदी चढते. रात्री झोपलेल्या गिऱ्हाइकाची जबाबदारी तुमची असते.

या आठवड्यात वहीत 35 शनिवारांचा जमाखर्च मांडा. तो जुळला तरच जागेला ॲडव्हान्स द्या.